चौथं टोक

प्रथिन म्हणजे तरी काय, मण्यांच्या साखळ्या एकमेकींना बिलगून बसलेल्या. त्या किती, हे जाणायचं तर टोकं धरायची. पहिल्या मण्याला रंग लावायचा, बाकी साखळी आम्लात तोडून टाकायची आणि जांभळ्या दिव्याखाली पट्टीवर उमटलेले ठिपके मोजायचे. मग तसंच शेवटच्या मण्याचं. जितक्या सुरुवाती तितकेच शेवट, यात वाद घालायला जागाच नाही.

जालन्याच्या कॉलेजातल्या प्रयोगशाळेत आकांक्षाची सहा वर्षं याच कामात गेली होती. प्रथिन वालाच्या बियांमधलं आणि बिया पिंपळगाव रेणुकाईला आईच्या दारातल्या वेलाच्या. सुरुवाती आल्या चार. शेवट मात्र तीन. तीनदा करून पाहिलं, तीनदा तेच.

"एखादं टोक झाकलं गेलं असंल," तिचे मार्गदर्शक रामप्रसाद सर म्हणाले. "पण सोमवारी चौथं दाखव. न्हाईतर प्रबंध गेला पुढच्या वर्षावर."

म्हणून ती शनिवारी ताज्या बिया आणायला गावी गेली. आईनं, सगुणाबाईंनी, शेंगा सोलता सोलता सगळं ऐकून घेतलं.

"बराबरच हाय की. तुम्हा चौघांच्या नाळी या वेलाखालीच पुरल्यात. तुझे तिघं भाऊ गेले. तू हायेस."

"आई, काहीतरीच काय बोलतीस!"

"काहीतरी न्हाई. तिघंबी गेले त्या त्या दिवशी सकाळपासून चूलच धरली न्हाई. रॉकेल ओतलं तरी न्हाई. दुपारून निरोप आले. दुखवट्याच्या घरी चूल पेटवत न्हाईत ना, ते चुलीला माझ्याआधी कळायचं."

आकांक्षानं बिया पिशवीत भरल्या आणि निघाली. एसटीत तिचं तिलाच हसू आलं, अन् पुन्हा भीतीही वाटली. रविवार कसा गेला कळलं नाही. नळ्या तापत ठेवल्या, खोलीवर गेली, परत आली, घड्याळ पाहिलं, पुन्हा गेली. जेवण जाईना. सहा वर्षं जो ठिपका मागितला, तो आता येऊ नये म्हणून ती देवाला हात जोडत होती.

सोमवारी सकाळी तिनं पट्टी दिव्याखाली धरली.

तीन ठिपके. हुश्श!

मग कडेला, अगदी फिकट, चौथा.

तिनं दिवा विझवून पुन्हा लावला. ठिपका आणखी गडद झाला होता.

"वा!" मागून सर म्हणाले. "आले की चार! सुटलीस बघ पोरी."

फोन वाजला. आईचा.

"किती आले गं?"

तिनं सरांकडे पाठ केली. "तीनच, आई. तीनच आले."

पलीकडून फुंकणीचा आवाज येत राहिला. बराच वेळ.

"मंग ही चूल का धरून न्हाई राह्यली?"