नळी की सुई

"सुईच!" म्हणत थोरल्याने चहाचा कप आपटला आणि ताईचं अंतःकरण भरून आलं... नऊ वर्षांनी तिचे दोन्ही भाऊ एका खोलीत बसून भांडत होते.

थोरला सोफे शिवायचा, धाकटा नळ बसवायचा. नऊ वर्षांपूर्वी धाकट्याने बसवलेला नळ थोरल्याने शिवलेल्या याच सोफ्यावर दिवसभर गळला आणि दोघांनी अबोला धरला. आलेली स्थळं परतवून जिने या पोरक्या भावांना वाढवलं, ती ताई त्या अबोल्याने आतल्या आत झुरत राहिली. मग तिच्या फुप्फुसात वाटाण्याएवढी गाठ दिसली. तपासणीसाठी त्या गाठीचा तुकडा काढायचा कसा, हे विचारायला ती तीन रविवार दोघांना बोलावत होती.

"बरगड्यांमधून सुई घातली की नेमका तुकडा हाती येतो," थोरला भिंतीला म्हणाला. "नळी तिथवर पोचलीच नाही तर?"

"ताई, याला सांग," धाकटा पंख्याला म्हणाला, "सुईने फुप्फुसाला भोक पडू शकतं. तोंडातून नळी श्वासनलिकेत जाते. वाट तयार असताना भिंत कशाला फोडायची?"

"भिंत कसली? टाका आहे तो. टाक्याने कधी सोफा मेलाय?"

ताईने तृप्त मनाने तिसऱ्यांदा चहा ओतला.

थोरला तावातावाने खुर्चीतून उठून सोफ्यावर बसला आणि थबकला. त्याने उशी चाचपली. "हे भरण माझं नाही."

शिवण उसवून त्याने आत दडवलेला ताईचा रिपोर्ट काढला. तारीख महिन्यापूर्वीची होती. नळी गाठीपर्यंत पोचली नाही. नंतर सुईने तुकडा घेतला. कर्करोग नाही, जुन्या संसर्गाचा व्रण. सहा महिन्यांनी पुन्हा स्कॅन.

धाकट्याचा चेहरा पांढराफटक पडला. "दोन्ही केलंस? एकटीने?"

"तुम्हाला बोलावलं असतं, तर दवाखान्यात एका बाकावर बसला असतात?"

थोरल्याचे अश्रू त्याच सोफ्यावर टपटप पडू लागले. या खेपेला नळाला दोष देण्याची सोय नव्हती.

"दादा," धाकटा म्हणाला. नऊ वर्षांत तो शब्द या घरात उच्चारला गेला नव्हता. "स्कॅनच्या दिवशी गाडी मी काढतो."

"तुझ्या गाडीची सीट फाटलीय. टोचेल तिला."

"मग शिवून दे."

थोरल्याने डोळे पुसून सुईदोरा काढला, उशी मांडीवर घेतली. रिपोर्ट बाजूला ठेवणार, तोच ताईने त्याचा हात धरला.

"असू दे आत," ती म्हणाली. "भरण चांगलं आहे."