नाक वर केलेली घोरपड

“चढ सुरू झाला आहे. सावकाश जाते,” घोरपड म्हणाली.

गंमत अशी, की आम्ही आमच्याच अंगणात उभ्या होतो. अंगण इतकं सपाट, की गोटी ठेवली तर जागची हलत नाही. मग हा चढ आला कुठून?

घोरपड म्हणजे खरी घोरपड नव्हे, रेणूआत्यानं बनवलेली डोंगरगाडी. चार जाडजूड चाकं, वर एकच सीट आणि आपली आपण चालणारी, बोलणारी. कड्याकपारीत चढते म्हणून हे नाव. पुढे तिला चंद्रावर पाठवायचं आत्याच्या मनात होतं.

ती आली आणि घरातलं माझं महत्त्वच संपलं. त्याआधी आत्याच्या दुर्बिणीचं सामान काळदरीच्या सड्यावर (डोंगरमाथ्यावरच्या सपाट कातळावर) न्यायला आत्या आणि मी चालत जायचो. वर पोचलं की ती म्हणायची, “शहाणी गं माझी बाय ती!” आता तेच शब्द, त्याच लाडिक आवाजात, एका गाडीला! उद्या दुर्बिणीचा मोठा आरसा वर जाणार होता आणि शनीची कडी दिसणार होती. मी मात्र घरी.

“एकच सीट आहे, शाल्मली,” आत्या म्हणाली होती. “आणि वाट दाखवायला घोरपड आहे ना.”

मी जळत होते. खोटं कशाला बोलू?

उद्याची तालीम म्हणून आत्यानं घोरपडीमागे जोडायच्या ट्रॉलीत आरशाच्या वजनाएवढी पाण्याची पिंपं भरली होती. ट्रॉली आकड्याला अडकवली मात्र, आणि घोरपडीला सपाट अंगणात चढ दिसायला लागला.

“बिघडली वाटतं,” मी आनंद लपवत म्हणाले.

आत्यानं कलमापक (गाडी किती कललीय ते सांगणारं यंत्र) तपासला. तो ठीक होता. “कारण सापडलं नाही तर उद्याचं जाणं रद्द,” ती कपाळाला हात लावून म्हणाली.

“कारण काय शोधतेस? शेफारलीय ती! बघ कशी नाक वर करून उभी आहे!”

“काय म्हणालीस? परत म्हण.”

आता बोलणी बसणार, असं मला वाटलं. “नाक... वर,” मी पुटपुटले. आत्या मटकन खाली बसून बघायला लागली. घोरपडीचे पुढचे दिवे खरंच आभाळाकडे वळले होते.

“आणि मागून?”

“मागून बसलीय. शेजारच्या टिपू कुत्र्यासारखी.”

आत्यानं मला मागच्या चाकावरच्या मडगार्डपासून जमिनीपर्यंत विती मोजायला लावल्या. साडेचार भरल्या. ट्रॉली सोडवली आणि पुन्हा मोजल्या, तर पाच!

“हे सस्पेन्शन,” आत्यानं आतली जाड स्प्रिंग दाखवली. (सस्पेन्शन म्हणजे चाकं आणि गाडीचा सांगाडा यांच्यामधली, धक्के झेलणारी जोडणी.) “स्प्रिंगवर जितकं वजन, तितकी ती दबते. मागची दबली, की मागची बाजू खाली आणि नाक वर.”

“मग काय बिघडलं?”

“पुढच्या चाकांवरचा भार कमी होतो. वळवली तरी त्यांना जमिनीची नीट पकड मिळत नाही. घाटातल्या वळणावर ती सरळच गेली असती.”

“सरळ म्हणजे दरीत?” त्या एकुलत्या एका सीटवर उद्या आत्या बसणार होती. मी घोरपडीकडे वळले.

“पण हिला कळलं कसं नाही?”

“मला एवढंच कळतं की मी कलले आहे,” घोरपड म्हणाली. “डोंगरामुळे की ओझ्यामुळे, ते मला आतून कळत नाही.”

“ते बाहेरून कुणीतरी बघावं लागतं,” आत्या म्हणाली. “आणि तू तर दिवसभर तिच्याकडेच डोळे वटारून बघत असतेस.” माझे कान गरम झाले.

चूक आत्याचीच होती. ट्रॉली डुलू नये म्हणून तिनं सगळी पिंपं पुढे, आकड्याजवळ रचली होती. “ट्रॉली म्हणजे सीसॉ समज. मधे तिची चाकं. सगळी पिंपं पुढे, तर पुढचं टोक घोरपडीच्या पाठीवर रेलणार.”

“मग सगळी मागे ठेवू!”

“तर पुढचं टोक आकडा वर ओढणार, आणि ट्रॉली शेपटीसारखी हेलकावे खाणार.”

म्हणून आम्ही पिंपं ट्रॉलीच्या चाकांवर आणली, किंचित पुढे झुकती. मी वीत टेकवली. पाचाला जरासंच कमी! आत्यानं पान्यानं स्प्रिंगची कडी थोडी आवळली. “यानं मागची बाजू उचलते, पण जास्त ओझं वाहायची ताकद येत नाही हं. ओझं मापातच हवं.”

“चढ संपला,” घोरपड म्हणाली.

दुसऱ्या दिवशी घाटात आरसा सावकाश चढत होता. सीटवर आत्या, आणि बाहेरून बघायला मागून चालत मी. गाडी थांबली की वीत टेकवून मी ओरडायचे, “ठीक आहे!” मग घोरपड म्हणायची, “आभारी आहे.” तरी ती मला फारशी आवडत होती असं नाही.

सूर्य मावळल्यावर सड्यावर दुर्बीण उभी राहिली. शनी आधी मला दिसला. इवलासा, कडी घातलेला.

“मला केव्हा दाखवणार?” घोरपडीनं विचारलं. तो फुरंगटलेला सूर माझ्या चांगलाच ओळखीचा होता.

“तू चंद्रावर जायचंयस,” आत्या दुर्बिणीला डोळा लावत तिला म्हणाली. “तिथे वजन सहावा हिस्सा. मग तेवढ्याच ओझ्यानं तू मागून किती बसशील?”

“सहावा हिस्सा!” आम्ही दोघी एकदम ओरडलो.

“शहाणी गं माझी बाय ती!” आत्या डोळा न काढताच म्हणाली.

“कोण, मी?” घोरपडीनं विचारलं.

मीही नेमकं तेच विचारलं होतं.