बारा अंश

"माझ्या पोरीले मीच मारलं का, एवढंच सांगा," अद्वैत म्हणाला. हरिभाऊंच्या हातातला चहाचा कप तसाच राहिला.

पावर हाउस भागातल्या बाजारात माळ्यावर पद्मजाबाईंची खासगी तपासाची कचेरी. स्टील प्लांटमधून रिटायर झालेले हरिभाऊ हौसेनं त्यांच्यामागे हिंडत. तऱ्हेतऱ्हेची माणसं त्यांनी इथे पाहिली होती, पण असलं गाऱ्हाणं, देवा रे!

अद्वैतनं टेबलावर एक डबी ठेवली. त्यानंच बनवलेली. सुईला पट्टी लावायची, अन्नात बुडवायची. अन्नात जंतूंचं विष असलं की पट्टीतून जाणारी वीज बदलते आणि लाल दिवा लागतो. वडिलांच्या तेरवीला बासुंदी तपासली, दिवा हिरवा लागला. जेवून वीस जण आडवे झाले. सहा वर्षांची उन्नती तिसऱ्या दिवशी गेली.

"तपासली कोणी?"

"आईनं. मैं तो पूजा में बैठा था. तिनं वाटी आणली, सुई बुडवली. मी फक्त दिवा पाहिला."

पद्मजाबाईंनी डबीतली नोंद उघडली. वेळ साडेदहा. विष नाही. नमुन्याचं तापमान बारा अंश.

"थंड बासुंदी होती म्हणायची," हरिभाऊ म्हणाले. बाईंनी आकडा वहीत टिपून घेतला.

वैशाली नगरात अद्वैतच्या घरी नत्थू आचारी रडकुंडीला आला होता. "रात्रीच केली होती जी, गंजातच, त्या मोठ्या पातेल्यात, रातभर वट्ट्यावर राहिली. पण सकाळी दहापासून पंगत बसेपर्यंत भट्टीवर खदखदत होती! मंग काय राहते तिच्यात? साखर पाहाले चमचाभर मागितली, तर नलूबाईनं हात झटकला माझा."

नलूबाई, अद्वैतची आई, भिंतीला टेकून बसली होती. "मशीननं हिरवा दाखवला ना? मंग मले कावून विचारून राहिले?"

पद्मजाबाई तिच्यासमोर खालीच बसल्या.

"उकळल्यानं जंतू मरतात, हे विष राहतं. ते रात्रीतूनच बासुंदीत झालं होतं. पण साडेदहाला भट्टीवर खदखदणारी बासुंदी बारा अंश कशी असेल? वाटीत फ्रिजमधलं दूध होतं. नैवेद्याआधी तुम्ही आचाऱ्यालाही चाखू दिलं नाही. गंजातून वाटी कशी काढाल?"

"त्याच्या बाबाचं पान उष्टं करू का?" नलूबाई म्हणाली. "दूध तर तेच होतं ना. मले वाटलं, एकच आहे."

हरिभाऊंना राहवलं नाही. "म्हणजे मशीन खरं होतं, बाबू!" बोलले आणि लगेच स्वतःचीच लाज वाटली.

अद्वैतनं डबी उचलली. बटण दाबून नोंद पुसून टाकली. "पोलिसाइले सांगजा, मशीनच बेकार होतं."

मग तो आईजवळ बसला. "ऐकलं ना, आई? मशीनच खराब होतं."

"खोटं नको बोलू रे," ती म्हणाली. "तिले मीच वाढली. अजून मागितली, तर अजून दिली."