बाकाचं दुसरं टोक

मुलांनो, जरा डोळे मिटा आणि शाळेतला एक लांब बाक डोळ्यांसमोर आणा... त्याच्या एका टोकाला एक बाई बसली आहे, आणि दुसऱ्या टोकाला आहे लाकडाच्या भुशाने भरलेलं पोतं. दिसलं? ही बाई बाकांच्या कारखान्याची मालकीण. तिथली जुनी रीत अशी, की दोन माणसांनी दोन टोकांना बसून डोलून पाहिल्याशिवाय बाक बाहेर पाठवायचा नाही. एकट्याच्या भाराने लंगडा पाय कळत नाही. लहानपणापासून हे काम ती आणि तिचा धाकटा भाऊ करत. पुढे भाऊ आमदार झाला, आणि त्याची जागा पोत्याने घेतली!

त्या दुपारी तो हातात बॅग घेऊन कारखान्याच्या दारात उभा राहिला. दहा वर्षांची आमदारकी संपली होती.

“या, आमदारसाहेब!” ती पोत्याकडे बघत म्हणाली. “जागा रिकामी नाही. आणि हे पोतं निदान भाषण तरी करत नाही.”

रंधा मारणारे सुतारकाका खुदकन हसले. बाकाचा पाय घासत बसलेली तिची आठ वर्षांची लेक, जिला सगळे ठिणगी म्हणत, तीही हसली. मालकिणीला स्वतःला मात्र हसू आलं नाही...

आपल्या पदाचा फायदा घरच्यांना मिळाला असं कुणी म्हणू नये, म्हणून निवडून आल्या आल्या भावाने भर सभेत जाहीर केलं होतं, “मी आमदार असेपर्यंत आमच्या कारखान्याचा एकही बाक सरकारी शाळेत जाणार नाही!” टाळ्यांचा कडकडाट झाला. पण कारखाना तर त्याच बाकांवर चालत होता! बारा कारागिरांपैकी तीन उरले. भावाच्या शब्दाला बट्टा लागू नये म्हणून तिने चकार शब्द काढला नाही. दारांच्या चौकटी आणि खासगी शाळांचे थोडेफार बाक करून कारखाना कसाबसा तगवला. लोक त्याला त्यागी म्हणत, आणि तिच्या अंतःकरणात एकच कुसळ सलत राही... त्याने मला एकदा विचारलं का नाही?

“काल सभागृहात निरोपाचं भाषण केलं,” भाऊ हळूच म्हणाला. “सगळे माझ्या त्यागाचं कौतुक करत होते. ताई, मी काय सोडलं गं? सोडलंस ते तू! मी नुसत्या टाळ्या घेतल्या. तसं त्यांना सांगून आलोय.”

“आणि मला सांगायला दहा वर्षं?”

“तुझ्यापुढे उभं राहायला जास्त धीर लागतो!”

“तुझा नियम चुकीचा नव्हता रे...” ती म्हणाली. “विचारलं असतंस, तर मी हो म्हटलं असतं. तेवढं म्हणायचा मान तरी माझा होता ना!”

त्याची मान खाली गेली. “म्हणून आज विचारतोय... मी बसू?”

तिने पदराने डोळे पुसले. ठिणगीने उठून पोत्याला मिठी घातली, ओढायला जोर लावला... आणि मध्येच थांबली.

“आई, काढू का गं?”

आईने तिच्याकडे पाहिलं, मग कितीतरी वेळ भावाकडे.

“काढ,” ती म्हणाली.

मग ठिणगीने ते पोतं धप्पकन खाली पाडलं, आणि बाकावर सांडलेला भुसा आपल्या फ्रॉकच्या टोकाने स्वच्छ पुसून काढला.