घेण्यास नकार

द्या तो फोन इकडे. नको असलेल्या मेल बंद करून हव्यात, एवढंच ना? हे काम मी बावीस वर्षं करतोय. एका मोठ्या इस्पितळाच्या ऑफिसात बसायचं आणि डॉक्टर-नर्सपर्यंत जो कचरा पोहोचू नये तो वाटेतच अडवायचा, ही माझी नोकरी. महिन्याभरात वजन उतरवून देणारे, घरबसल्या टक्कल घालवणारे, सगळे माझ्या टेबलापाशी येऊन अडकतात. बायको म्हणते, "ऑफिसात एवढे भामटे अडवता, घरातला उंदीर तेवढा अडवून दाखवा." असो.

तुमचंही सगळं नीट लावून देतो. फक्त एक गोष्ट करणार नाही. आलेली मेल पाठवणाऱ्याला परत धाडायची सोय असते, तिला मी हात लावणार नाही. का, ते आत्ताच सांगतो. ऐकून हसलात तरी माझी हरकत नाही.

मला एक थोरली बहीण होती. होती म्हणायचं की आहे म्हणायचं, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. ताई पोस्टात होती. न पोहोचलेली पत्रं जिथे येऊन पडतात त्या टेबलावर तिने एकतीस वर्षं काढली. पुसलेला पत्ता, चुकलेलं आडनाव, नुसतंच 'शाळेमागचं हिरवं घर', असल्या पाकिटांवर ही बाई दिवसदिवस डोकं घालायची आणि माणूस शोधून काढायची. लग्न केलं नाही. विचारलं तर म्हणायची, "माझ्या नावाचं पत्र अजून फिरतंय कुठेतरी." निवृत्त झाली, सुंभ जळाला तरी पीळ गेला नाही. मी तिला मेलचा पत्ता काढून दिला, तर आलेली प्रत्येक जाहिरात ती मन लावून वाचायची. एका गादीवाल्याला तिने उत्तरही लिहिलं होतं, 'माझी गादी अजून चांगली आहे, आपण चौकशी केलीत याबद्दल आभारी आहे.' मग काय, गादीवाल्याच्या सगळ्या गोतावळ्याला हिचा पत्ता मिळाला. इनबॉक्समध्ये पाय ठेवायला जागा उरली नाही.

तेवढ्यासाठी एका रविवारी दुपारी तीनच्या सुमारास मी तिच्याकडे गेलो. माझ्या घरापासून पायी वीस मिनिटं. तिसरा मजला, एकच जिना, आणि जिन्याच्या तोंडाशी मशीन टाकून बसणारा एक म्हातारा शिंपी. त्याच्या नजरेखालून गेल्याशिवाय वर कोणाला जाता यायचं नाही.

तासाभरात मी चार हजार मेल उडवल्या. ताई शेजारी बसून हळहळत होती, जणू मी तिच्या पाहुण्यांना हाकलत होतो. शेवटी एक ढीग उरला. पाठवणाऱ्याच्या जागी नाव नाही, पत्ता नाही, नुसती कोरी जागा. रोज एक मेल. रोज दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी. आणि आत दोनच शब्द.

'आहेस का?'

"हे कोण गं?"

"माहीत नाही. पत्ता काढून दिलास ना, त्याच्या तिसऱ्या दिवसापासून येतंय."

"उत्तर नाही ना दिलंस?"

"द्यावंसं वाटतं रे. पण नाव नाही, गाव नाही, कोणाला देऊ? कोणीतरी आपल्या माणसाला शोधतंय बघ. परक्याला का कोणी असं विचारतं?"

मला खरं सांगायचं तर राग आला. एकट्या राहणाऱ्या बायकांना गोड बोलून गळाला लावणारे मी रोज पाहतो. हा त्यातलाच कोणी, असं मी धरून चाललो. नुसतं बंद केलं असतं, कचऱ्यात टाकलं असतं, तरी भागलं असतं. पण नाही. त्याला चांगला धडा शिकवायचा म्हणून मी नियम लावला, की याची मेल आली की आपोआप परत जाईल आणि सोबत एक ओळ जाईल. ती ओळ मी स्वतः लिहिली. 'या पत्त्यावरील व्यक्तीला आपली पत्रे घ्यायची नाहीत. यापुढे त्रास देऊ नये.' वाचून दाखवली आणि शाबासकीची वाट पाहत बसलो.

ताईचा चेहरा उतरला.

"नकार कळवलास?"

"मग काय आरती ओवाळू त्याची?"

"अरे, आमच्याकडे दोन शिक्के होते. एक 'पत्ता सापडत नाही'. तो मारला की पाठवणारा गप्प बसतो. दुसरा 'घेण्यास नकार'. तो मारताना माझा हात नेहमी अडायचा." ती फोनकडे बघत म्हणाली, "नकार द्यायला माणूस लागतो रे. इतके दिवस त्याला माहीत नव्हतं, इथे कोणी आहे की नाही ते. आता कळलं."

मी हसलो. पोस्टातल्या बायका, म्हटलं, पत्रं फार मनाला लावून घेतात.

चार वाजून दहा मिनिटं झाली. मेल दिसली नाही. मी मांडीवर थाप मारली, "बघ, गेली परत!" ताई उठून ओट्याशी गेली, चहा ठेवला. खिडकीतून लख्ख ऊन येत होतं, खालून शिंप्याच्या मशीनची खडखड ऐकू येत होती. भुताखेतांची ती वेळच नव्हती. चहा उकळला, ती गाळायला घेणार, आणि दार वाजलं.

दोनदा. हळू. बाहेर उभा असलेला माणूस जणू परवानगी मागत होता.

घड्याळात साडेचार झाले होते. ताईने माझ्याकडे पाहिलं आणि ओठांवर बोट ठेवलं. "बोलू नकोस..." ती पुटपुटली. मी चवड्यांवर दारापाशी गेलो, भिंगाला डोळा लावला. बाहेरची जागा स्वच्छ दिसत होती. समोरच्या बंद घराचं कुलूप, जिन्याचा कठडा. माणूस नव्हता.

"कोणी नाही गं, ताई," मी म्हणालो.

तर माझ्या तोंडासमोर, मी बघत असताना, दार पुन्हा वाजलं. फळीचा हादरा मला कपाळाला जाणवला. मागे ताई खाली बसली होती, घामाने डबडबलेली. प्रेशरच्या गोळ्या संपल्या होत्या. दोन दिवसांपासून आणायच्या राहिल्या, हे तिने तेव्हा सांगितलं. घाबरून बसून चालणार नव्हतं. मी सगळा धीर गोळा करून दार उघडलं. बाहेर खरंच कोणी नव्हतं. "मी खाली दुकानातून गोळ्या घेऊन येतो," मी म्हणालो, "माझा आवाज ऐकल्याशिवाय दार उघडू नकोस." तिने मान हलवली. आतून कडी लागल्याचा आवाज ऐकला आणि मी धावत सुटलो.

जायला-यायला दहा मिनिटंसुद्धा लागली नसतील. परत आलो तेव्हा शिंप्याने मशीन थांबवलं आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"साहेब, तुम्ही आज दोनदा वर गेलात आणि खाली एकदाच उतरलात. हे कसं?"

मी धावतच वर गेलो. तिसऱ्या मजल्यावर दार सताड उघडं होतं. चहा तसाच पातेल्यात, चष्मा टेबलावर. ताई नव्हती. दोन खोल्यांचं घर, शोधायचं तरी कुठे? मी पलंगाखालीसुद्धा पाहिलं. कपाट उघडून पाहिलं, मोठी बहीण कपाटात लपेल का कधी, पण पाहिलं. शिंपी शपथेवर सांगत होता की माझ्याशिवाय खाली कोणी उतरलंच नाही.

पोलीस आले, फोटो लागले, सगळं झालं. आठ महिने. त्या घराला मीच कुलूप लावलं, तिचा मेलचा पत्ता मीच बंद केला. लोक समजावत, आता मन घट्ट करा. मन काय नळाची तोटी आहे, पिळली की बंद व्हायला? ऑफिसात दुपारचा चहा झाला की मला ताईची इतकी आठवण यायची की शेवटी मी वेड्यासारखं तिच्या त्या बंद पत्त्यावर लिहायला लागलो. रोज. आधी लांबलचक लिहायचो, आई गेल्यापासून तूच मला वाढवलंस, वगैरे. मग लांब लिहिवेना. शेवटी दोन शब्दांवर आलो. सुट्टीच्या दिवशी घरून लिहायचो. उत्तराची अपेक्षा नव्हतीच.

आणि एका रविवारी माझी मेल परत आली.

'या पत्त्यावरील व्यक्तीला आपली पत्रे घ्यायची नाहीत. यापुढे त्रास देऊ नये.'

माझीच ओळ. मी ती तीनदा वाचली. मग मी काय पाठवलं होतं ते पाहिलं, 'आहेस का?', आणि किती वाजता पाठवलं होतं ते पाहिलं. चार वाजून दहा मिनिटं. इतके दिवस मी रोज तेच लिहीत होतो आणि माझ्या एकदाही लक्षात आलं नव्हतं. पण खरं सांगू? भीती नंतर वाटली. आधी आनंद झाला. नकार आला होता. म्हणजे तिथे माणूस होतं.

बायकोने हाक मारली तीही न ऐकता मी निघालो. रस्ता, शिंपी, जिना, काही दिसलं नाही. तिसऱ्या मजल्यावर पोहोचलो तेव्हा दाराला मी लावलेलं कुलूप नव्हतं. आतून उकळत्या चहाचा वास येत होता. माझ्या खिशात किल्ली होती, पण किल्ली लावायला कुलूपच नव्हतं. मी दोनदा दार वाजवलं. हळूच. ताईला दचकायला होऊ नये म्हणून.

आत एकदम शांतता पसरली. मग तिचा आवाज आला, अगदी दबका. "बोलू नकोस..."

दाराचं भिंग काळं झालं. आतून कोणीतरी बघत होतं. मी भिंगाच्या समोर, हातभर अंतरावर उभा होतो, आणि आतून माझाच आवाज म्हणाला, "कोणी नाही गं, ताई."

मी पुन्हा दार वाजवलं. मला तोंडाने काही बोलताच येईना, मग काय करणार? थोड्या वेळाने दार उघडलं आणि मी बाहेर आलो. म्हणजे तो. आठ महिन्यांपूर्वीचा, कमी पिकलेला, घाबरलेला मी. माझ्यावरून त्याची नजर भिंतीवरून जावी तशी गेली. आत पाहून तो म्हणाला, माझा आवाज ऐकल्याशिवाय दार उघडू नकोस. कडी लागली. तो धडधडत खाली गेला.

आता नीट ऐका. मला त्या क्षणी सगळं कळलं होतं. मी गुपचूप माघारी गेलो असतो तर तो दहा मिनिटांत गोळ्या घेऊन आला असता, ताईने गोळी घेतली असती, चहा प्याली असती. ती आज असती. हे कळण्याइतकी अक्कल मला होती. पण दारापलीकडे ताई होती हो. आठ महिन्यांनी. मला तिचा श्वास ऐकू येत होता.

"ताई," मी म्हणालो. "मी आहे."

"इतक्यात आलास?" म्हणत तिने कडी काढली. दार उघडलं. मला रडू फुटलं, मी हात पुढे केला. पण ती माझ्याकडे बघतच नव्हती. ती माझ्या खांद्यावरून मागे बघत होती. तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती, तेच मला अजून सहन होत नाही. पोस्टातल्या खिडकीशी कोणी अडाणी माणूस चुरगळलेलं पाकीट घेऊन यावा, तेव्हा तिचा चेहरा जसा व्हायचा तसा झाला होता.

"अरे... तुझ्याबरोबर हे कोण आलंय?"

मी एकटाच आलो होतो. मी डोळे मिटून घेतले. ती माझ्या बाजूने, माझ्या बाहीला घासून, उंबऱ्याबाहेर गेली. "या," ती कोणाला तरी म्हणाली, "कोणाचा पत्ता हवाय तुम्हाला?" त्यानंतर काही ऐकू आलं नाही. पाऊलसुद्धा नाही. डोळे उघडले तेव्हा समोर आठ महिन्यांची धूळ बसलेलं दार होतं, त्याला माझं कुलूप होतं, आणि मी त्याच्याकडे तोंड करून उभा होतो. मागे पाहिलं नाही. जिना पाठमोरा, कठडा धरून, एकेक पायरी चाचपत उतरलो.

त्याला आता दीड वर्ष होईल. मी आजवर मागे वळून पाहिलेलं नाही, हाक आली तरी नाही.

हा घ्या तुमचा फोन. झालं सगळं, आता कोणी त्रास देणार नाही. निघतो मी. तुम्ही उठू नका. आणि एवढं ऐका, मी उंबऱ्याबाहेर पडलो की दार लगेच लावून घ्या. निरोप द्यायला दारात उभं राहून माझ्या पाठीकडे बघत बसू नका. आणि बघितलंतच, तर जे दिसेल त्याला काही विचारू नका.