पातेल्यापाशी घेतलेली नावे

ऑगस्टच्या अखेरच्या दिवशी, दुपारच्या घंटेला, संत रामोनची मूर्ती वर्षभराच्या मुक्कामासाठी आमच्या घरी यायची होती. आणि ज्याच्या घरी संत येतो त्याने साऱ्या पेठेला जेवू घालावे, ही मेक्सिकोतल्या आमच्या चोलुला गावाची रीत. आमचे घर टेकडीला पाठ लावून उभे आहे. टेकडी म्हणायची सवय; वस्तुतः तो मातीगवताखाली दडलेला पिरॅमिड आहे, आणि त्याच्या माथ्यावर स्पॅनिश पाद्र्यांनी बांधलेले पिवळे चर्च. स्वयंपाकघराची मागची भिंत आम्ही बांधलेली नाही. ती टेकडीचीच आहे. उन्हाळ्यात ती गार राहते, एवढाच तिचा विचार मी आजवर केला होता.

मूर्ती आणण्याचा आग्रह माझ्या पत्नीचा, ओब्दुलियाचा. आमची एकुलती मुलगी नियेवेस हिची दोन मुले मृत जन्मली होती, आणि आता तिसऱ्या खेपेस आठवा महिना चालू होता. संत रामोनला लोक नोनातो म्हणतात, म्हणजे न जन्मलेला. मेलेल्या आईच्या पोटातून त्याला काढले अशी कथा आहे, आणि म्हणून तो गर्भाचा राखणदार. मी जन्मभर सेमिनरीत, पाद्री घडवणाऱ्या शाळेत, लॅटिन शिकवले. शब्द तपासल्याशिवाय सोडण्याचा माझा स्वभाव नाही. ज्याच्या नावातच जन्म नाकारलेला आहे त्याच्याकडे जन्म कसा मागायचा, असे मी विचारले होते.

“तुमचं लॅटिन त्या लेकराला जगवणार असेल तर तसं सांगा,” ओब्दुलिया म्हणाली होती, “नवस आत्ता परत घेते.”



त्या सकाळी आकाश निरभ्र होते आणि दूरच्या ज्वालामुखीच्या तोंडाशी धुराची बारीकशी शेपटी दिसत होती. मोले आदल्या दिवशीच झाला होता. मिरची, तीळ आणि चॉकलेट यांचा तो काळसर रस्सा मातीच्या खापरात मुरत पडला होता. उरले होते ते तमाल. मक्याचे पीठ चरबीत मळून, कणसाच्या सालीत गुंडाळून, मोठ्या पातेल्यात वाफेवर उकडायचे. हे काम पेठेत डोन्या कास्तुलाशिवाय कोणी करीत नाही. तिने पातेल्याच्या तळाशी पाणी ओतले, पाण्यात एक नाणे टाकले आणि वर जाळी बसवली. पाणी उकळत असेतो नाणे खुळखुळते. ते थांबले की पाणी आटले असे समजायचे.

नाणे खुळखुळू लागले. वाफ आली. तमाल शिजायची वेळ झाली, टळली, आणि दुसऱ्यांदाही टळली. कास्तुलाने एक साल सोलली. आत पीठ तसेच होते: ओले, पांढरे, बोटाला चिकटणारे.

“कोणीतरी रागावलंय,” ती म्हणाली.

आमच्याकडे लहान मुलालाही हे ठाऊक असते की घरात कोणाच्या मनात राग असेल तर तमाल शिजत नाहीत. कास्तुलाने सालीच्या पट्ट्यांची फुले करून पातेल्याच्या कानांना बांधली आणि दाराकडे तोंड करून नेहमीचे शब्द उच्चारले. “ज्याचा राग असेल त्यानं तो बोलून टाकावा. नाहीतर या घरातून निघून जावं.”

“माझा आहे थोडा,” जावई एलिहियो म्हणाला. तो फुलांची शेती करतो. “सासूबाई माझ्या झेंडूला गवत म्हणाल्या.”

“गवतच आहे ते.”

“बघा! वाढला राग.”

बायका हसल्या. नियेवेसही हसली, पोट दोन्ही हातांनी सावरून. मग रीतीप्रमाणे सर्वांना पातेल्याभोवती नाचायला लावले. मलाही सोडले नाही. “मास्तर, कंबर हलवा,” कास्तुला ओरडली, “प्रवचन नंतर द्या!”

नाचून झाले. तमाल कच्चेच होते.

मी स्वतः तपासणी केली. जाळ चांगला होता, झाकण घट्ट होते, आणि वाफ खरी होती याची साक्ष माझ्या भाजलेल्या मनगटाने दिली. वाकलो असता मागच्या भिंतीवर हात टेकला. ती ओली होती. वाफ तिथवर पोचत नव्हती, तरीही तिच्यावरून पाण्याचे थेंब ओघळत होते, आणि फार दिवस झाकलेली विहीर उघडावी तसा वास येत होता.

“नावं घ्यावी लागतील,” कास्तुला हलक्या आवाजात म्हणाली. “एकेकाचं. ज्याचा राग असेल त्याच्या नावाला नाणं गप्प बसतं.”

“उकळत्या पाण्यात नाणं गप्प बसणं शक्य नाही.”

“मग भिता कशाला, मास्तर? घ्या की नावं.”

मी घेतली. आधी माझे, मग ओब्दुलियाचे, एलिहियोचे, नियेवेसचे. मग मदतीला आलेल्या शेजारणींचे. मग आमच्या घराण्यातल्या, मला आठवतात त्या सर्व मृतांचे. नाणे अखंड वाजत राहिले. बायकांचे हसणे केव्हाच थांबले होते.

“ती दोघं…” ओब्दुलिया चाचरली. “त्यांना नावं नव्हती.”

“बिननावाचं कोणी रागावत नाही,” कास्तुला म्हणाली.

“तर मग विषय संपला,” मी म्हणालो. मला आनंद झाला होता हे नाकारता येणार नाही. युक्तिवाद पूर्ण झाल्याचा तो आनंद होता. “या घरातल्या प्रत्येकाचं नाव घेऊन झालं. एकही उरलं नाही. म्हणजे तुमचं म्हणणं खोटं.”

“एक उरलंय, बाबा,” नियेवेस म्हणाली.

तिचा हात पोटावर होता.

“मी नाव ठेवलंय त्याचं. कोणाला सांगितलं नव्हतं. बाबा म्हणतात ना, प्रत्येकाचं घ्यायचं.”

“नको!” कास्तुला धडपडत उठली. “पोरी, घेऊ नकोस!”

“अनास्तासियो,” नियेवेस म्हणाली.

नाणे थांबले.

झाकणाच्या कडेने वाफ येतच होती. तळाशी पाणी खदखदताना ऐकू येत होते. त्या खदखदण्यात नाणे मात्र नव्हते.

कास्तुलाने तोंडावर हात ठेवला. ती आधी नियेवेसकडे पाहत होती, नंतर उघड्या दाराकडे. मग ती खाली वाकली, आणि इतक्या मऊ आवाजात बोलली की ते कोणासाठी होते हे समजायला मला क्षणभर वेळ लागला.

“निघून जावं म्हटलं ते तुझ्यासाठी नव्हतं रे, बाळा. तू नको जाऊस.”

एलिहियोने झाकण उचलले. तमाल शिजले होते. साल बोट लावताच सुटत होती.

त्याच वेळी टेकडीवरची घंटा झाली आणि रस्त्यात आतषबाजीचे बाण सुटले. ढोल, सनई, फुलांच्या माळा आणि माणसांचा लोंढा यांसह संत रामोन आत आला. ओब्दुलियाने त्याला धूप दाखवला. लोक जेवायला बसले. असे हलके तमाल कित्येक वर्षांत खाल्ले नाहीत, असे एका म्हाताऱ्याने मला मुद्दाम येऊन सांगितले. मी त्याचे आभार मानले.

नियेवेस स्वयंपाकघरातून बाहेर आलीच नाही. मी आत गेलो. ती चुलीजवळच्या तिपाईवर बसली होती.

“बाबा, तो हलत नाहीये.”

“झोपला असेल.”

“नाही.”

मी तिच्यापुढे गुडघे टेकले आणि तिच्या पोटाला कान लावला. अंगणातले ढोल थांबले होते.

ठोके लागले. लहान, जलद, नियमित.

“आहे,” मी म्हणालो. “नियेवेस, आहे. मला कळताहेत ठोके.”

तिने माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि ती रडू लागली. मी तसाच राहिलो. कान आणखी घट्ट दाबला. मग माझ्या लक्षात आले की कानाशी काहीच नाही.

ठोके माझ्या गुडघ्यांना जाणवत होते, फरशीतून; आणि प्रत्येक ठोका आधीच्याहून किंचित मंद होत, मागच्या भिंतीच्या दिशेने सरकत होता.