वैद्याचा डाव शेवटी

प्रेमाइतकं बलवान या त्रिभुवनात दुसरं काही नाही. वसुंधरा गाडगेच्या मते मात्र होतं — तलवारवाला. त्याला वार करताना तीन गुण जादा मिळायचे, आणि प्रेमाला किती मिळतात याबद्दल नियमांत एक ओळही नव्हती.

नियम म्हणजे तिच्या भावाने, अरुणकुमारने, कॉलेजातल्या मित्राकडून आणलेली एक फिकट झेरॉक्स. खेळ अमेरिकेतला. प्रत्येकाने एकेक पात्र घ्यायचं — तलवारवाला, धनुर्धर, मांत्रिक नाहीतर वैद्य — आणि अरुणकुमार सांगेल त्या गुहेत शिरून तो सोडेल त्या राक्षसाशी लढायचं. मूळ खेळात वीस बाजूंचा फासा होता म्हणे. भिलाईत पोलाद टनांनी निघायचं, पण असा फासा कुठे मिळेना. मग क्लबातल्या हौजीच्या एक ते वीस सोंगट्या एका लोकरी मोज्यात भरल्या. हात घालायचा, मोठा आकडा निघाला की काम फत्ते, लहान निघाला की राक्षसाचा वार आपल्यावर.

डिसेंबरातल्या एका रविवारी संध्याकाळी वसुंधरा व्हरांड्यात त्या झेरॉक्सवर वाकून बसली होती, तेव्हा फाटक वाजलं.

"राधामावशी हायेत का?"

हातात डबा घेतलेला एक उंच मुलगा. क्वार्टरचा नंबर बरोबर, स्ट्रीट चुकलेली. सेक्टरमधली घरं सगळी एका साच्यातली. नाइट शिफ्ट करून आलेले संसारी गृहस्थसुद्धा भलत्याच घरात चपला काढून चहा मागायचे.

"मावशी नाही," वसुंधरा मान वर न करता म्हणाली. "आमाले वैद्य पाहिजे. खेळता का?"

मग तिने मान वर केली… तिकडे प्लांटमध्ये तेवढ्यात भट्टीतला वितळलेला मळ, म्हणजे स्लॅग, ओतला असावा. अख्खं आकाश नारिंगी झालं. मुलाचे कान त्याहून जास्त.

त्याचं नाव शालिकराम ढोमणे, नोकरी भिलाई-३च्या रेल्वे लोको शेडमध्ये. मावशींसाठी आणलेले अनारसे त्या संध्याकाळी राक्षस मेल्याच्या आनंदात संपले. राधामावशींना ते आजतागायत कळलेलं नाही.

पुढच्या रविवारी तो पुन्हा आला. या वेळी पत्ता अजिबात न चुकता.

"तुम्ही दरवेळी वैद्यच कावून घेता?" वसुंधराने विचारलं. "सगळ्यात कमजोर पात्र हाये ते. ना तलवार, ना मंत्र. डावही सगळ्यांच्या शेवटी."

"पण जखमीच्या शेजारी बसाले भेटते ना…" तो सोंगट्यांना म्हणाला. तिच्याकडे बघायची हिंमत अजून शेडमधून सुटायची होती.

हळूहळू तिचा तलवारवाला उगाचच पुढे घुसू लागला, आणि घरातल्या कोणालाही आश्चर्य वाटेल इतका जखमी होऊ लागला. नाडी बघण्याचा नियम झेरॉक्समध्ये नव्हता. पण अरुणकुमार पुढचा राक्षस शोधत पानं उलटायचा, आणि तेवढ्यात दोन बोटं तिच्या मनगटावर टेकायची. ग्रीसचा पुसट वास यायचा. बाहेर धुकं उतरायचं, लांब यार्डात मालगाडीचे डबे एकमेकांना हलकेच धडकायचे… आणि वसुंधराला, गणितात एम.एस्सी. करणाऱ्या मुलीला, वीसपर्यंतचे आकडे आठवायचे नाहीत.

जानेवारीत शेजारच्या सत्यभामाकाकूंनी नागपूरचं स्थळ आणलं. मुलगा इंजिनीयर, घर स्वतःचं, स्कूटर नवी, स्वभाव शांत. कुठल्याही बाजूने तुलना करा, बलवान. उत्तर सोमवारी सकाळी द्यायचं होतं. आई म्हणाली, "तूच सांग काय ते."

आदल्या रविवारी संध्याकाळी तिचा तलवारवाला पडला, त्याला उठवायला गेलेला वैद्य मेला, आणि खेळ संपला. धनुर्धर आणि मांत्रिक झालेली शेजारची दोघं गेली, अरुणकुमार आत जाऊन पुढची गुहा रचत बसला. शालिकराम व्हरांड्यात चपला शोधत होता. त्या त्याच्या पायातच होत्या.

"थांबा," वसुंधरा म्हणाली. "माझा हिशेब चुकला होता. सगळ्यात बलवान पात्र वैद्यच हाये."

"काय सांगता!"

"आपण सोंगटी काढली की हौजीसारखी बाहेरच ठेवतो, परत मोज्यात टाकत नाही. म्हणजे शेवटच्याले दिसते आत काय उरलं ते. मोठे आकडे उरले तर हात घालायचा, नाही तं डाव सोडायचा. मले वाटलं, तुम्हाले हे पहिल्यापासून समजलं होतं."

"अरे यार…" तो मनापासून म्हणाला. "मले तं आत्ता समजून राहिलं."

"पण निघालेले आकडे तं समोरच होते! आज सगळे मोठे आकडे गेले होते. मोज्यात नुसता कचरा. डाव सोडला असता तं तुमचा वैद्य वाचला असता. तरी हात घातला. कावून?"



"तुम्ही पडल्या होत्या ना," तो म्हणाला. "आत काय उरलं, ते पाहत कसा बसू?"

लांब स्लॅग ओतला गेला. धुकं आतून पेटल्यासारखं झालं. वसुंधराने आयुष्यात पहिल्यांदा एक हिशेब अर्धवट टाकला.

"मले एक स्थळ आलं हाये," ती म्हणाली. "उद्या उत्तर द्यायचं. काय सांगू आईले?"

"बलवान हाये?"

"लय."

"मग सांगा… की भिलाई-३चं एक कमजोर पात्रही हाये. त्याचा नंबर शेवटी लागते, पण हात घातल्याशिवाय ते राहत नाही."

"असं कोणी आईले सांगते का?" ती हसली. "तुम्हीच या सांगाले. सकाळी. घर चुकू नका." आणि तिने मनगट पुढे केलं — कुठेही जखम नसताना. त्याने या वेळी नाडी बघितली नाही. सगळा हातच धरला. यार्ड थांबलं, प्लांट थांबला, भिलाई नावाचं सबंध शहर जणू श्वास रोखून…

"ताई," आतून अरुणकुमारचा आवाज आला, "जाळीचं दार लावून घ्या दोघंही. मच्छर येऊन राहिले."